विश्लेषण : तंबूतला स्टोव्ह, मोरीतले ॲसिड... दिवाळीच्या खरेदीत नेमके काय पाहायचे?

पावसाळा संपला की अनेक घरांत दोन याद्या एकाच वेळी तयार होतात. एक दिवाळीच्या साफसफाईची आणि दुसरी कॅम्पिंगची. पवना, भंडारदरा, राजमाचीचे बेत ठरतात आणि ऑनलाइन सेलमध्ये घडीचा स्टोव्ह, भांड्यांचा संच, फिरता मॉप, व्हॅक्यूम क्लीनर असे सारे एकाच वेळी समोर येते. बहुतेकजण किंमत, तारांकने आणि ‘एकात पाच कामे’ पाहून निवड करतात. ही वस्तू ज्या जागेत वापरायची आहे, ती जागा कशी आहे, हा पहिला प्रश्न मात्र राहून जातो. तंबू असो की न्हाणीघर, दोन्ही लहान आणि बंद जागा आहेत. चुकीची निवड किंवा चुकीचा वापर तेथे जिवावर बेतू शकतो.

कॅम्पिंगसाठी कोणता स्टोव्ह?

सध्या तीन पर्याय सहज मिळतात. पहिला म्हणजे ब्युटेनचा लांबट कॅन आडवा बसवायचा सपाट स्टोव्ह. हा जमिनीवर पक्का बसतो, त्यावर पातेले किंवा तवा डगमगत नाही. गाडीने तळावर जाणाऱ्या कुटुंबाला हा सोयीचा. दुसरा म्हणजे कॅनच्या डोक्यावर आट्यांनी बसणारा मुठीएवढा बर्नर. तो पाठीवरच्या सॅकमध्ये सहज मावतो, पण त्यावर मोठे पातेले ठेवले तर सगळा डोलारा कलंडू शकतो. एक-दोन माणसांचा चहा, नूडल्स, सूप एवढ्यापुरता तो ठीक. तिसरा पर्याय पाच किलोच्या लहान एलपीजी सिलिंडरचा. दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक असेल तर तोच परवडतो. हा सिलिंडर ओळखपत्र दाखवून अधिकृत वितरकाकडून किंवा काही पेट्रोल पंपांवरून घेता येतो. घरच्या मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये गॅस भरून घेणे बेकायदा तर आहेच, शिवाय अनेक स्फोटांचे मूळही त्यातच असते.

गॅस किती लागतो?

हिशेब सोपा आहे. आडोसा असेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २२० ग्रॅमच्या कॅनमध्ये १४ लिटरच्या आसपास पाणी उकळते. सपाट स्टोव्ह पूर्ण आचेवर ठेवला तर असा कॅन सव्वा ते दीड तास पुरतो. चार जणांचा रात्रीचा खिचडी-सूप आणि सकाळचा चहा-पोहे एवढा बेत एका कॅनमध्ये बसतो. दुसरा कॅन राखीव ठेवावा. उघड्या पठारावर वारा असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. ज्योत भांड्याखालून बाहेर पडते आणि गॅस दुपटीने जळू शकतो. डाळ-तांदूळ निघण्यापूर्वी घरीच भिजवले, भांड्यावर झाकण ठेवले, तर बराच गॅस वाचतो.

थंडीचा मुद्दाही आहे. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याखाली त्याचा वायूच होत नाही. सह्याद्रीतल्या हिवाळी रात्री तो चालतो, पण पहाटे ज्योत मंद झाल्याचे जाणवते. हिमालयात जाणाऱ्यांनी आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला कॅन घ्यावा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो.

वाऱ्याला आडोसा करताना कोणती चूक होते?

स्टोव्हभोवती पत्र्याचे किंवा दगडांचे पूर्ण कडे करणे, ही सर्वांत सामान्य चूक. ज्योतीची उष्णता कॅनकडे परतते, आतला दाब वाढतो आणि कॅन फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने आणि कॅनपासून अंतर ठेवून करावा. सपाट स्टोव्हवर भलामोठा तवा किंवा कढई ठेवली आणि ती कॅनच्या कप्प्यावर आली, तरी हाच धोका असतो. दोन स्टोव्ह शेजारी-शेजारी लावून त्यावर एकच मोठे भांडे कधीही ठेवू नये. अधूनमधून कॅनला हात लावून पाहावा. तो कोमट किंवा गरम लागला तर स्टोव्ह बंद करावा. नीट चालणारा कॅन हाताला गारच लागतो, कारण गॅसची वाफ होताना तो थंड पडत जातो.

तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी का नको?

आग लागण्याचा धोका सर्वांना दिसतो. दुसरा धोका दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. अपुऱ्या हवेत गॅस, लाकूड किंवा कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. परिणामी श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. दिवसभर चालून आलेल्या माणसाला ती थकव्याची वाटतात आणि तो झोपून जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा बंद खोलीत गुदमरून मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. थंडीमुळे खोलीत गॅस हीटर लावण्यात आला होता.

निखाऱ्यांची शेगडी तर अधिक फसवी. ज्वाळा विझल्यावर ती निरुपद्रवी वाटते, पण धुमसणारा कोळसा तासन् तास हा वायू सोडत राहतो. बार्बेक्यू आटोपल्यावर ‘ऊब राहील’ म्हणून शेगडी तंबूत ओढून घेणे म्हणूनच सर्वांत घातक. पाऊस आला तरी स्वयंपाक तंबूबाहेर, चारही बाजूंनी मोकळ्या ताडपत्रीखाली करावा. उबेसाठी शेगडीऐवजी चांगली स्लीपिंग बॅग आणि अंगाखालची मॅट यांवर पैसे खर्च करावेत. कुणाला अचानक डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

भांडी स्टीलची की ॲल्युमिनियमची?

स्टील टिकाऊ आणि घासायला सोपे, पण उष्णता पसरवण्यात कमी पडते. लहान बर्नरवर पातळ स्टीलचे पातेले ठेवले की मधोमध खिचडी बुडाला लागते आणि कडेला कच्ची राहते. ॲल्युमिनियमचे वजन स्टीलच्या सुमारे एकतृतीयांश आणि त्यात उष्णता समान पसरते. मात्र साध्या ॲल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो शिजवू नये. आंबटाची त्याच्याशी अभिक्रिया होते. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांत ही अडचण बरीच कमी होते. नॉनस्टिक भांडे चुलीवर किंवा निखाऱ्यांवर नकोच. रिकामे भांडे २६० अंशांपुढे तापले की त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि चुलीवरचे तापमान हाताशी नसते.

दोन दिवसांच्या मुक्कामाला दोन किंवा तीन लिटरचा कुकर जड वाटला तरी न्यावा. उंचीवर दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह सक्तीचे आहे. तरीही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात असल्याने २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केला होता.

सामान नेण्यावर आणि चूल मांडण्यावर बंधने कोणती?

गॅसचे कॅन विमानात नेता येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. रेल्वेतही ज्वलनशील गॅस नेण्यास मनाई असून रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कसारा, कर्जतपर्यंत लोकलने जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवर १९५९ च्या नियमांनुसार ठरवून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करता येत नाही. अशा ठिकाणी पायथ्याच्या गावात पिठले-भाकरीची ऑर्डर देणे हा सर्वांत सोयीचा पर्याय. सामान वाहावे लागत नाही आणि चार पैसे गावात राहतात.

भांडी घासायची कुठे?

ओढ्यात किंवा धरणाच्या काठावर नाही. पवना धरणाचेच पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. काठावर घासलेल्या भांड्यांचा साबण आणि खरकटे त्याच पाण्यात जाते. पाणी बादलीत भरून काठापासून किमान ६० मीटर दूर न्यावे. खरकटे आधी कागदाने किंवा उलथन्याने काढून पिशवीत घ्यावे आणि मग नारळाच्या काथ्याने, मोजक्या साबणाने भांडी घासावीत. चूल मांडायला परवानगी असेल तर पातेल्याला बाहेरून राख-मातीचा लेप द्यावा. काजळी लेपावर बसते आणि लेपाबरोबर निघून जाते. गावाकडच्या स्वयंपाकघरातली ही युक्ती कोणत्याही महागड्या घासणीपेक्षा उपयोगी आहे.

घरच्या साफसफाईसाठी काय घ्यावे?

आधी लादी पाहावी. संगमरवर, शहाबादी, कडप्पा आणि जुन्या चाळींतली मोझॅक लादी यांत चुन्याचा अंश असतो. ॲसिडच काय, व्हिनेगर आणि लिंबानेही त्यांची चमक जाते व डाग कायमचे पडतात. त्यांना सौम्य साबणाचे पाणी पुरते. व्हिट्रिफाइड टाइल्स बऱ्याच सोशीक असतात. नळाच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग टाइल्सवरून काढायला सायट्रिक ॲसिडचे पाणी चालते.

पलंग-सोफ्याखाली पोहोचायचे असेल तर फिरत्या मॉपपेक्षा सपाट मॉप बरा. मायक्रोफायबरचे फडके धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नये. त्याने धागे धूळ आणि पाणी धरेनासे होतात. व्हॅक्यूम क्लीनरवर लिहिलेले वॉट हे तो किती वीज खातो ते सांगतात, किती धूळ ओढतो ते नव्हे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हेपा फिल्टर आहे का आणि तो बदलायला किती खर्च येतो, हे विचारावे. घरात उंबरठे असतील तर रोबो क्लीनर प्रत्येक खोलीच्या दारात अडतो. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते ती केरसुणी, अंगणाचा खराटा आणि घरातला फूलझाडू ही तिन्ही आपापल्या जागी आजही सरस आहेत.

पंखे आणि जळमटांसाठी लांब दांड्याचा ब्रश घ्यावा. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला तर धूळ आतच राहते. खुर्चीवर स्टूल ठेवून चढण्यापेक्षा रबरी पायांची, रुंद पायऱ्यांची शिडी घ्यावी. शिवाय अनेक घरांत लादी पुसणारी व्यक्ती खरेदी करणारी नसते. घरकामाला येणाऱ्या ताईंना आधी विचारले तर निम्मी खरेदी वाचेल.

न्हाणीघरात सर्वांत मोठा धोका कोणता?

दोन द्रव्ये एकत्र करणे. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर त्यात मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. ‘दोन्ही टाकले तर जास्त स्वच्छ होईल’ हा समज म्हणूनच घातक. ब्लीचबरोबर व्हिनेगरही नको. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तो ब्लीचमध्ये मिसळला तर क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. एक द्रव्य वापरून झाल्यावर भरपूर पाणी ओतावे आणि दुसरे शक्यतो दुसऱ्या दिवशी वापरावे.

येथे खरी उपयोगी उपकरणे स्वस्तातली आहेत : रबरी हातमोजे, लांब दांड्याचा ब्रश, वेगळी बादली आणि चालू स्थितीतला एक्झॉस्ट पंखा. सुटे ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुले ते सरबत समजून पितात. चुकून मिश्रण झाले आणि डोळे चुरचुरू लागले तर ते धुऊन काढत बसू नये. लगेच बाहेर पडावे, घराच्या खिडक्या उघडाव्यात आणि श्वासाचा त्रास होत असेल तर १०८ वर फोन करावा.

मग खरेदीपूर्वी काय विचारावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही वस्तू कोणत्या जागेत वापरणार? तिच्यातून निघणारा धूर, वायू किंवा सांडपाणी कुठे जाणार? आणि ती वापरणार व धुणार कोण? वस्तूवर चिन्ह नसेल किंवा सदोष माल आला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नवा स्टोव्ह तळावर पहिल्यांदा पेटवण्याऐवजी निघण्यापूर्वी गच्चीवर किंवा अंगणात एकदा चहा करून पाहावा. कॅन नीट बसतो का, गॅसचा वास येतो का, वाऱ्यात ज्योत टिकते का, हे तेथेच कळते आणि वस्तू परत करायची मुदतही तोवर संपलेली नसते.