जाहिरातरोधक आणि हौशी संकेतस्थळे

अ‍ॅड ब्लॉकर पानावरची जाहिरात नुसती झाकत नाही. 'ईझीलिस्ट'सारख्या याद्या पाहून तो जाहिरातीच्या सर्व्हरकडे जाणारी मागणीच अडवतो. जाहिरात दाखवल्याची नोंद होत नाही, म्हणून पैसेही मिळत नाहीत. 'मी कुठे जाहिरातींवर क्लिक करतो?' हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरातसेवेने २०२४ पासून मोबदला मुख्यतः जाहिरात दिसण्याशीच जोडला आहे. मोठ्या वृत्तपत्रांना निदान वर्गणीदार असतात. पक्षीनोंदी किंवा जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीला वाहिलेल्या स्थळाला तेही नसतात. त्यात अ‍ॅडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे धाडत नाही, आणि होस्टिंगचे बिल मात्र ठरल्या तारखेला येते.

मग ब्लॉकर काढून टाकावा काय? मुळीच नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी अशा स्थळांवरच्या जाहिरातींतूनही खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवले गेले. २०२२ मध्ये तर एफबीआयनेच ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला. आपल्या पानावर नेमकी कोणती जाहिरात झळकेल, हे हौशी चालकाला बहुधा ठाऊकही नसते. म्हणून विश्वासाच्या स्थळापुरता ब्लॉकर बंद ठेवणे हा अर्धाच उपाय. थेट देणगी केव्हाही सरस: तिच्यात पाळत नाही, मध्यस्थाचा वाटा बहुधा कमी, आणि एकाच वाचकाच्या शंभर रुपयांइतकी कमाई जाहिरातींतून व्हायला पाने शेकडो वेळा उघडावी लागतात. पैसे देणे जमत नसेल तर चुका कळवा, मजकूर पुरवा. नेहमी वाचता त्या एका स्थळावर देणगीची सोय आहे का, एवढे आज पाहाच.