परसबागेची खातेवही

छत्तीस वर्षांच्या बँकसेवेनंतर निवृत्त झालो, तेव्हा उमरखेड येथील आमच्या घरामागे सुमारे एक गुंठा जागा मोकळी पडून होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतीसाठी कर्जे मंजूर केली; आता आपल्याही हाताला थोडी माती लागावी, या इच्छेने तेथे परसबाग करण्याचे ठरविले. सवय सुटत नाही. पहिल्याच दिवशी एक वही आखली : डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोपे, कुंड्या, शेणखत, पाण्याची नळी हे सारे नावे पडले. वांगी, टोमॅटो, कढीपत्ता, लिंबे ही बाजारभावाने जमा धरावयाची होती.

पहिल्या वर्षी जमेची बाजू जवळजवळ कोरीच राहिली. कारण माझे मीच होतो. आपल्या भागातील काळी कसदार माती मी जशीच्या तशी कुंड्यांत भरली आणि उन्हाळा कडक म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. मोगऱ्याची पाने पिवळी पडू लागली, तेव्हा त्याला तहान लागली असावी असे समजून आणखी पाणी दिले. शेवटी कुंडी पालथी केली, तर मुळे कुजून गेलेली. काळी माती पाणी धरून ठेवते. कुंडीत तिला निचरा मिळाला नाही की मुळांना हवा मिळत नाही. त्या कुजलेल्या मुळांकडे पाहताना मला काही जुनी खाती आठवली. दुकान का खालावले याची चौकशी न करता आम्ही कर्जाची मर्यादा वाढवून दिली होती, आणि त्या वाढीव कर्जानेच ते दुकान बुडाले होते. दुसऱ्याची गरज न पाहता दिलेली मदत ही पुष्कळदा देणाऱ्याच्या समाधानासाठी असते. आता मी मातीत वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळतो, बोट खुपसून ओल पाहतो आणि मगच पाणी घालतो.

दुसऱ्या वर्षी लिंबाचे झाड चांगले फुटले आणि त्यावर अळ्या आल्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि हात लावताच डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढतात. आठवडाभरात कोवळी पालवी फस्त झाली. मी बाजारातून कीटकनाशकाची बाटली आणली. ओट्यावर ती पाहून सौ. म्हणाल्या, "अहो, ही हिंसा कोणत्या खात्यात लिहिणार?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, शेती, व्यवसाय यांत जी हिंसा टळत नाही, तीही जयणेने कमी करावयाची असते. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा मात्र श्रावकाने सोडावयाची असते. माती उकरणे, रोप लावणे यांतही जीवहानी आहेच. परंतु चार लिंबांसाठी बाटलीभर विष शिंपडणे हे न टळणाऱ्या हिंसेच्या खात्यात कसे बसावे?

त्या बाटलीने मला आणखी एक आठवण दिली. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मी तेव्हा नोकरीत होतो. कृषी सेवा केंद्रांच्या कर्जप्रस्तावांवर मी अनेकदा सह्या केल्या. साठा, उलाढाल, तारण सारे तपासले. त्या साठ्यात काय आहे आणि ते कोणाच्या पाठीवरच्या पंपात जाणार आहे, हे मात्र कधी विचारले नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते ज्ञान आणि माझी सही यांची गाठ तोवर कधी पडली नव्हती.

बाटली न उघडताच परत केली. अळ्या एकेक करून पानासकट उचलल्या आणि कोपऱ्यातील कढीपत्त्याच्या झुडुपावर सोडल्या. त्या झुडुपाची पाने त्यांना चालतात. तेवढे झुडूप त्यांच्या नावे करून टाकले. लिंबाला पुन्हा पालवी आली. काही दिवसांनी अंगणात काळी-पिवळी फुलपाखरे फिरू लागली. सौ.नी आणखी एक नियम घातला : चातुर्मासात माती खणावयाची नाही, जे खणायचे ते पावसापूर्वी. मी तो धर्म म्हणून पाळला आणि शेतीच्या दृष्टीनेही तो योग्यच निघाला. ओली काळी माती उकरली की तिची ढेकळे होतात आणि वाळल्यावर ती दगडासारखी घट्ट बसतात.

कोणी म्हणेल, हौसेच्या एका गुंठ्यात हे जमते, पोटापाण्याच्या शेतीत कसे जमावे? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळचे शेतकरी श्री. सुभाष शर्मा यांनीही आधी रासायनिक शेती केली होती. सुरुवातीला उत्पन्न वाढले, पुढे खर्च चढत आणि उत्पन्न उतरत गेले. हा हिशेब पाहून १९९० च्या दशकात त्यांनी रसायने सोडली आणि माती, पाणी, झाडे व पक्षी यांच्या आधाराने शेती उभी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सहा लेश्यांचा जांभळाच्या झाडाचा दृष्टांत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भूक सहाही जणांना सारखीच होती. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटले, तर शेवटच्याला खाली गळून पडलेली जांभळे पुरली. अंतर भुकेत नव्हते, कोठे थांबावे या जाणिवेत होते. परसबागेने मला तेवढेच शिकविले.

कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या आपल्या बांधवांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. माझी सही त्यांच्या आधीची आहे. एवढीच विनंती की बाटली देताना गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारावेत : फवारणी खरोखरच आवश्यक आहे काय, आणि हातमोजे व मुखपट्टी आहे काय? विक्री कदाचित थोडी घटेल.

माझी वही अजून चालू आहे. गेल्या वर्षीही जमेपेक्षा नावेच अधिक निघाले. कढीपत्त्याच्या झुडुपाची पाने मात्र मी आता हिशेबात धरत नाही.