संगणकाच्या दारातला बहुरूपी

आमच्या लहानपणी गावात बहुरूपी यायचा. खाकी वर्दी, कमरेला पट्टा, हातात वही. दारात उभा राहून करड्या आवाजात वॉरंट वाचायचा. घरातली जाणती माणसं हसायची, पण नव्यानं नांदायला आलेली सून खरोखर घाबरायची. कडी तोडायचं कोणतंही हत्यार त्याच्याजवळ नसे. वर्दी पाहून कडी आतूनच निघायची. घरच्या संगणकात व्हायरस शिरतो तो बहुतेक वेळा असाच. फरक इतकाच की आमचा बहुरूपी पसाभर जोंधळे घेऊन, आशीर्वाद देऊन पुढच्या दारी जायचा.

हॅकर म्हटलं की आपल्याला सिनेमातला तरुण आठवतो. अंधारी खोली, खटाखट बटणं, आणि दोन मिनिटांत बँकेची तिजोरी उघडी. असे कसबी लोक असतात, नाही असं नाही. पण ते तुमच्याआमच्या मागे लागत नाहीत. आपल्या वाट्याला येतात ते प्रोग्राम. लाखो दारांवर एकाच वेळी हात लावून पाहायचा आणि जे उघडं सापडेल तिथे शिरायचं, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. चोराला आत काय आहे हे ठाऊकच नसतं. दार सैल आहे, एवढं त्याला पुरतं.

सुरुवातीचे व्हायरस बरेच सरळमार्गी होते म्हणायचे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस तयार केला. तो फ्लॉपीतून पसरायचा आणि त्यात त्या भावांचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही होता! चोरानं घरात शिरून भिंतीवर स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड चिकटवावं, तसा प्रकार.

खरा धडा मिळाला तो मे २००० मध्ये. फिलिपिन्समधून निघालेलं एक ईमेल जगभर पसरलं. विषय होता, ‘आय लव्ह यू’. सोबत एक फाइल, तिचं नाव प्रेमपत्र. आम्हा कवींना हेवा वाटावा इतके वाचक त्या पत्राला एका दिवसात मिळाले. फाइल उघडली की ती त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवायची आणि संगणकातली चित्रं पुसून टाकायची. लोकांनी ती उघडली, कारण ती ओळखीच्या माणसाकडून आली होती. आणखी एक मेख होती. फाइलच्या नावाच्या शेवटी आधी ‘टीएक्सटी’ आणि मग ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटं होती. पहिलं शेपूट साध्या मजकुराचं, दुसरं चालणाऱ्या प्रोग्रामचं. विंडोज ओळखीचं शेवटचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे पाहणाऱ्याला ते साधं पत्रच वाटलं.

गंमत बघा, विंडोज आजही बहुतेक संगणकांवर हे शेपूट लपवूनच ठेवतं. आज घरी गेल्यावर फाइल एक्स्प्लोररमधल्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा. मग फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ दिसलं तर तो फोटो नाही, हे तुम्हाला कळेल. तोच खेळ आता मोबाइलवरही चालतो. लग्नपत्रिका असो की निकाहचा दावतनामा, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते आमंत्रण नाही, मोबाइलमध्ये बसू पाहणारा प्रोग्राम आहे. पाठवणारा सख्खा मेहुणा असला तरी आधी त्याला फोन करा. त्याचाच मोबाइल कुणाच्या ताब्यात गेला असेल, आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

आमच्या शेजारी एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. बनावट नोट बोटांनी ओळखणारा माणूस. एका दुपारी त्यांची सून धावत आली, ‘‘चाचा, कॉम्प्युटर ओरडतोय आणि बाबा फोन लावायला निघालेत!’’ जाऊन पाहतो तर पडदा लालभडक, भोंगा वाजतोय, आणि मजकूर असा की तुमच्या संगणकात घातक व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, आधी फोन खाली ठेवा.’’ ते खरं म्हणजे इंटरनेटवरचं एक पान होतं, पडदाभर पसरलेलं. एस्केपचं बटण दाबून धरलं, पान लहान झालं, ब्राउझर बंद केला. तेही जमलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करता येतो. संगणकात काहीही शिरलं नव्हतं. काकांनी फोन केला असता तर मात्र पलीकडच्या गोड आवाजानं त्यांना संगणक दुरून चालवता येणारा एक प्रोग्राम घ्यायला लावला असता, आणि मग बँकेचं खातं त्यांच्याच डोळ्यांदेखत रिकामं झालं असतं. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. एवढी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

स्पायवेअर ही वेगळी जात. ती ओरडत नाही, गप्प बसते. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपून दुसरीकडे पाठवणारा हेर असतो तो. त्याचा आवडता रस्ता म्हणजे फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर. त्यासोबत सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ म्हणजे वॉचमनला घरी पाठवा, मग आम्ही येतो. तरी लोक पाठवतात.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर आपल्या मराठी माणसानं यात नाव काढलं आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभं केलं. आता विंडोजमध्ये डिफेंडर आतच असतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो. विकत घ्यायचं तर एकच घ्या. दोन वॉचमन एकमेकांनाच चोर समजून धरतात.

पण वॉचमनपेक्षा भिंतीची डागडुजी महत्त्वाची. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ आला. हा बहुरूपी नव्हता. कुणी काही उघडण्याची त्याला गरजच नव्हती. विंडोजमधल्या एका भगदाडातून तो स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात जायचा, सगळ्या फाइलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. आणि ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलं होतं! ‘रिमाइंड मी लेटर’ या बटणानं जगाचं किती नुकसान केलं असेल, अल्ला जाणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार संपला. नाव नोंदवणाऱ्यांना आणखी वर्षभराची सोय दिली गेली, पण ती आपोआप मिळत नव्हती. तुमच्या घरी तो जुना संगणक असेल आणि त्यावर अपडेट येत नसतील, तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

पासवर्डबद्दल कवी म्हणून बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. लोक मुलीचं नाव घेतात, पुढे जन्मसाल जोडतात. गावातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असतं. त्यापेक्षा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. कविता म्हणून ते टाकाऊ असेल, पासवर्ड म्हणून उत्तम. प्रसिद्ध अभंगाची किंवा गाण्याची ओळ मात्र नको, ती चोरालाही पाठ असते. ईमेलचा पासवर्ड बाकी सगळ्यांहून वेगळा असू द्या. ईमेल हातात आलं की ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून बाकीची दारं उघडता येतात. आणि इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा राहिला असेल तर तोही बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं असे साठेक तयार पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकरवी केलेल्या हल्ल्यानं अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे या कामाला जुंपले होते, ते लोक घरी निवांत झोपलेले होते.

इतकं करूनही पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. उद्या मुलाला विचारून मग करू म्हणाल, तर तोवर ते चार खाती ओलांडून गेलेले असतात.

राहिली गोष्ट फोटोंची. पैसे पुन्हा मिळवता येतात, पण आईचा शेवटचा फोटो परत काढता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी मुलीच्या लग्नाचे फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवले होते, पण डिस्क बारा महिने संगणकाला जोडलेली. खंडणीवाला व्हायरस आला आणि संगणकाबरोबर डिस्कलाही कुलूप लावून गेला. आमचा शेतकरी बियाणं खाण्याच्या धान्याच्या कणगीत ठेवत नाही, वेगळं बांधून आढ्याला टांगतो. डिस्क तशी ठेवायची. महिन्यातून एकदा जोडायची, फोटो उतरवायचे, त्यातले दोनचार उघडून नीट दिसतात का पाहायचं, आणि काढून कपाटात ठेवायची.