त्या रात्री रस्त्यावर कोण आलं?

पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये अमेरिकेनं बिन लादेनला ठार केलं, त्या कारवाईवरचा माझा लेख वाचून कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. त्या लिहितात : "बिन लादेन मेला, बरं झालं. पण त्या रात्री अमेरिकेत पोरं झेंडे घेऊन नाचत होती, ते मला टीव्हीवर बघवलं नव्हतं. माणूस मेल्यावर नाचतात का? की माझं कोणी गेलेलं नाही म्हणून मला असं वाटतं?" पत्र वाचल्यापासून मनात तेच घोळतं आहे, म्हणून आजचा सगळा लेख त्याच्यावरच.

आधी नाचलं कोण ते बघू. 1 मे 2011, रविवारची रात्र. फिलाडेल्फियात फिलीज आणि न्यूयॉर्क मेट्स यांचा बेसबॉलचा सामना नवव्या इनिंगपर्यंत येऊन 1-1 असा अडकलेला. स्टॅण्डमधले लोक एकेक करून फोनमध्ये डोकं घालतात, शेजाऱ्याला दाखवतात आणि बघता बघता अख्खं मैदान "यूएसए, यूएसए" असं ओरडायला लागतं. घरचे आणि पाहुणे, दोन्ही संघांचे पाठीराखे एका सुरात. मैदानावरच्या खेळाडूंना मात्र कळेना की काय झालंय. फोन प्रेक्षकांकडे होते, त्यांच्याकडे नव्हते. राष्ट्राध्यक्ष ओबामा टीव्हीवर यायला तेव्हा अजून अवकाश होता. ते बोलायला उभे राहिले रात्री साडेअकराच्या पुढे, आणि बातमी तोवर गर्दीनं आपली आपण वाटून घेतली होती. सामना पुढे 14 इनिंग चालला आणि मेट्सनी 2-1 असा जिंकला, पण त्या रात्रीचं आज लोकांना आठवतं ते हे ओरडणंच.

व्हाइट हाउससमोर जमले ते बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परीक्षांचे दिवस होते. वसतिगृहातली मुलं पुस्तकं टाकून धावत आली, कुणी झाडावर चढलं, कुणी राष्ट्रगीत म्हणत होतं. विशीतली ही मुलं 2001 साली चौथी-पाचवीत होती. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळताना त्यांनी शाळेत नाहीतर घरी टीव्हीवर पाहिले, आणि पुढची दहा वर्षं विमानतळावर काढावे लागणारे बूट, धोक्याचे इशारे, इराक-अफगाणिस्तानातून येणाऱ्या शवपेट्या यांतच ती वाढली. या सगळ्याला एकच चेहरा होता, आणि तो लांब दाढीचा चेहरा त्या रात्री पुसला गेला. त्या नाचण्यात मरणाचा आनंद नव्हताच, असं मी म्हणणार नाही, थोडा होता. पण जास्त होती ती लहानपणापासून मानगुटीवर बसलेली भीती उतरल्याची मोकळीक. प्यू संशोधन केंद्रानं लगेच घेतलेल्या पाहणीतही हेच दिसतं : सुटल्यासारखं वाटलं म्हणणारे 72 टक्के, आनंद झाला म्हणणारे 58.

त्या हल्ल्यात ज्यांची माणसं गेली होती त्यांच्यातले पुष्कळजण रस्त्यावर आलेच नाहीत. न्याय झाला, पण आमचं माणूस काही परत येत नाही, असंच त्यांच्यातल्या अनेकांनी विचारल्यावर सांगितलं. ओबामाही 5 मे रोजी मनोऱ्यांच्या जागी गेले तेव्हा त्यांनी पुष्पचक्र वाहिलं आणि भाषण केलं नाही. मृतदेहाचं छायाचित्र जाहीर न करण्याचा निर्णय त्यांनी त्याआधीच घेतला होता. त्या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

बाई, तुमच्यासारखं वाटणारेही अमेरिकेत लाखो होते, आणि त्यांची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. त्यांना आपली अस्वस्थता सांगायला शब्द सापडत नव्हते. अशात दुसऱ्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं एक वचन सगळीकडे फिरू लागलं. हजारो अनमोल जीव गेल्याचं दुःख मी करीन, पण एकाच्याही मरणाचा आनंद करणार नाही, मग तो शत्रू का असेना, अशा आशयाचं. किंग तर 1968 सालीच मारले गेले. 'अटलांटिक' मासिकाच्या मेगन मॅकआर्डल यांना संशय आला आणि त्यांनी माग काढला. एका तरुणीनं फेसबुकवर स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहिलं होतं आणि त्याखाली अवतरणचिन्हांत किंग यांचा एक खरा उतारा दिला होता. द्वेषानं द्वेष वाढतो, अशा अर्थाचा हा उतारा त्यांच्या 1963 च्या 'स्ट्रेंग्थ टू लव्ह' या पुस्तकात आहे. पुढे पाठवता पाठवता अवतरणचिन्हं गळाली आणि तिचं वाक्य किंग यांचं झालं. खोटेपणा कुणीच केला नव्हता. एका साध्या मुलीला जे वाटलं तेच असंख्य लोकांना वाटत होतं, फक्त ते बोलायला त्यांना मोठ्या माणसाच्या नावाचा आधार हवा होता. आणि नावाशिवाय बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागतच होती. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या रशार्ड मेंडनहॉल या फुटबॉलपटूनं मरणाचा उत्सव करणाऱ्यांना ट्विटरवर जाब विचारला (11 सप्टेंबरच्या हल्ल्याबद्दलही त्यानं काही शंका काढल्या होत्या) आणि त्याचा जाहिरातीचा करार गेला. जर्मनीत उलटं घडलं. आपल्याला आनंद झाला असं अँगेला मर्केल म्हणाल्या, तर हॅम्बुर्गच्या एका न्यायाधीशानं त्यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रार केली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बिन लादेन मेला तेव्हा भारतात कुणी फारसं नाचलं नाही. आपली प्रतिक्रिया होती "आम्ही सांगत होतोच!" पाकिस्तानच्या काकुल इथल्या लष्करी अकादमीपासून दीडेक किलोमीटरवर तो राहत होता, आणि गृहमंत्री चिदंबरम यांनी त्याच दिवशी मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्याच्या सूत्रधारांकडे बोट दाखवलं. पण 21 नोव्हेंबर 2012 आठवा. सकाळी साडेसातला येरवड्यात त्याच हल्ल्यातल्या कसाबला फाशी दिली, बातमी नंतर फुटली, आणि मुंबईत आणि इतरत्रही फटाके वाजले, पेढे वाटले गेले. त्या हल्ल्यात गेलेल्या 166 जणांतली बहुतेक माणसं आपली होती. हवालदारांपासून फेरीवाल्यांपर्यंत ओळखीचे चेहरे होते. तेव्हा माझं उत्तर असं : हो, कुणाचं कोण गेलं यानं फरक पडतो, पण तुमची अस्वस्थताही तितकीच खरी आहे. रामायणात रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला राम बिभीषणाला सांगतो, ते आपण लहानपणापासून ऐकतो आहोत. पेढा घेणाऱ्याच्या मनात ते नसतं असं नाही.

पाकिस्तानात मात्र वेगळंच चाललं होतं. जमात-उद-दावानं बिन लादेनसाठी नमाज-ए-जनाजा पढली. सामान्य माणूस जास्त चिडला तो परकी हेलिकॉप्टरं आत येऊन गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही म्हणून. त्या संतापात पुढे बिन लादेनच्या शोधासाठी बनावट लसीकरण मोहीम चालवणारे डॉ. शकील आफ्रिदी अडकले. मग लसीकरणाबद्दलच्या संशयातून पोलिओचे थेंब पाजणाऱ्या निरपराध बायकांवर कराची आणि पेशावरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. त्या बनावट मोहिमेबद्दल लिहायचं मी या आठवड्यासाठी कबूल केलं होतं, ते आता पुढच्या आठवड्यात, आणि सुरुवात या बायकांपासून.