दैवाचा घाला कीं माणसाची चूक?

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं पाटण तालुक्यांतील कोयनानगर भूकंपानें हादरलें. पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें दगावलीं आणि त्यांच्या कितीतरी पटीनें जखमी झालीं. अशा प्रसंगीं ‘दैवाचा घाला’ हे शब्द आपल्या तोंडीं सहज येतात. शोक शमविण्यास ते उपयोगी असतील. परंतु न्यायालयाच्या दारीं ते फार जपून उच्चारावे. कारण कायद्याचा पहिला प्रश्न हाच असतो कीं, ही हानि दैवानें झाली कीं कोणाच्या कर्तव्यच्युतीनें?

कोयनेचेंच पाहा. धरणांत पाणी सांठूं लागल्यावर लहान धक्के जाणवूं लागले आणि पुढें हा मोठा भूकंप झाला. जलाशयामुळें भूकंपास चालना मिळते, याचें जगांतील प्रमुख उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेकडे बोट दाखवितात. म्हणजे दैव आणि मनुष्यकृति यांमधील रेघ आपण समजतों तितकी ठळक नाहीं. योगायोग असा कीं, या विषयावरील इंग्रजी कायद्याचा प्रसिद्ध निवाडाहि जलाशयाचाच आहे. लँकेशायरांतील एका गिरणीवाल्याच्या तळ्याचें पाणी फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. धोक्याची वस्तु आपल्या जमिनींत सांठविणारानें, ती बाहेर पडून नुकसान झाल्यास, स्वतःची चूक नसली तरी भरपाई द्यावी, असें १८६८ सालीं ठरलें. मात्र दैवी आपत्तीची पळवाट त्या नियमांत शिल्लक होती. दिल्लींतील वायुगळतीच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं, घातक उद्योगांपुरती, तीहि बुजविली. भोपाळचें दुःख तेव्हां ताजें होतें.

निव्वळ निसर्गकोप असेल तेथें दावा लावण्यास प्रतिवादीच सांपडत नाहीं. सरकारकडून मिळतें तें साह्य होय, भरपाई नव्हे. २०२२ ते २०२६ या कालखंडाच्या नियमांत तें मृतामागें चार लक्ष रुपये धरलें आहे.

परंतु घरांतील माणूस भूकंपांत जाण्यापेक्षां रस्त्यावर किंवा कामावर जाण्याचा संभव पुष्कळ अधिक. कोयनानगरावरून कुंभार्ली घाटाकडे जाणारा कऱ्हाड-चिपळूण रस्ताच घ्या. मोटारीच्या अपघातांत फौजदारी खटला निराळा आणि भरपाईचा अर्ज निराळा, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. चालक फौजदारींत सुटला म्हणजे भरपाई बुडाली असें नाहीं. अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें करावयाचा, आणि अर्जदार राहतो त्या जिल्ह्यांतहि तो चालतो. २०२२ पासून कायद्यानें त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत व्यवहाराचें नांव काढूं नये, ही आपली रीत येथें महागांत पडते. धडक देऊन वाहन पसार झालें तरी मृताच्या कुटुंबासाठीं दोन लक्ष रुपयांची तरतूद आहे.

कामावर मृत्यु आल्यास १९२३ च्या कायद्यानें घालून दिलेलें, व पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आलेलें तत्त्व असें कीं, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. शिवाय ती रक्कम मालकानें परस्पर विधवेच्या हातीं टेकवून चालत नाहीं. ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. या नियमामागील शहाणपणाचें आम्हांस फार कौतुक वाटतें. तेराव्याच्या आंत कोणी तडजोडीचा कागद घेऊन येतो आणि शोकाकुल पुरुषमंडळी भिडेस पडून, न वाचतां, त्यावर सही करतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

आतां एकत्र कुटुंबासंबंधीं. दुसऱ्याच्या दोषानें मृत्यु आल्यास दिवाणी दावा १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याखालीं, मृत्यूपासून दोन वर्षांच्या आंत लावावा लागतो. त्यांतील भरपाईचे मानकरी म्हणजे पति, पत्नी, आईबाप व अपत्यें. आजाआजी, नातवंडें व सावत्र अपत्यें यांतच मोडतात. भाऊ नाहीं, बहीण नाहीं, भावजय नाहीं! मिताक्षरेच्या छायेंत वाढलेल्या घरास याचें नवल वाटेल. मोटार अपघातांत मात्र सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं, गुजरातेंतील एका खटल्यांत, भारतीय कुटुंबाची रीत लक्षांत घेऊन मृत मुलाच्या भावांचाहि हक्क मानला. तेव्हां थोरल्या भावाच्या कमाईवर शिकणाऱ्या धाकट्यानें आपलें प्रकरण कोणत्या कायद्याखालीं बसतें, हें आधीं पाहावें.

आणि गृहिणी? ती कमावत नव्हती, मग हानि कसली, असा प्रश्न विचारणारे अद्यापि भेटतात. जमशेदपूर येथें १९८९ सालीं एका समारंभांत लागलेल्या आगीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं मध्यम वयाच्या गृहिणीच्या सेवेचें मोल वर्षास छत्तीस हजार रुपये धरलें. आमच्या मतें तें अल्पच होतें. पण शून्य नव्हे, हें तरी ठरलें.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर १९८७ च्या विधि सेवेच्या कायद्याप्रमाणें स्त्रिया व बालकें यांस, उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य वकील मिळतो. त्याच कलमांत महापूर व दुष्काळ यांबरोबर भूकंपानें गांजलेल्यांचाहि स्पष्ट उल्लेख आहे. कोयनानगरकरांस त्यासाठीं मुंबईची वाट धरण्याचें कारण नाहीं. जिल्हा विधि सेवा प्राधिकरण साताऱ्यासच आहे. जातांना मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, इस्पितळाच्या पावत्या आणि पगाराचा दाखला यांच्या नकला बरोबर घ्याव्या, व अस्सल कागद घरींच ठेवावे.