मुंबईच्या सागवानाची त्रिंकोमाली

इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात उभी असलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटनची आजही पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत आहे. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली आणि महिना उलटायच्या आत खडकीची लढाई झाली. तिची स्वतःची कारकीर्द मात्र युद्धकथा शोधणाऱ्याची निराशाच करते, कारण तिच्या नावावर एकही मोठी लढाई नाही. सुरुवातही रखडतच झाली. तिचे आराखडे मुंबईला आणणारे ‘जावा’ हे जहाज 1812 च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिंकले आणि नकाशे नव्याने पाठवावे लागले. नौका तयार झाली तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता. 1819 मध्ये ती पोर्ट्समथला पोचली आणि पुढची पंचवीसेक वर्षे राखीव जहाजांच्या रांगेत पडून राहिली. तरीही तिचे मोल लढायांवर ठरू नये, तिच्या लाकडावर आणि बांधणीवर ठरावे, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: जहाज वापरलेच नाही, म्हणून टिकले, त्यात सागवानाचे काय कौतुक? आक्षेपाला आधारही आहे. त्याच घराण्यातली ‘युनिकॉर्न’ ही 1824 ची फ्रिगेट चॅटमला बांधली गेली. शिडे न चढवता, वर छप्पर घालून ती बंदरात ठेवली आणि आज डंडीला तीही शाबूत आहे. म्हणजे आराम जहाजाला मानवतो. पण ‘त्रिंकोमाली’ पडूनच राहिली नाही. तोफा कमी करून 1847 मध्ये, वयाच्या तिशीत, ती कामाला लागली. आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, मग 1852 ते 1857 पॅसिफिक. शिवाय मुंबईच्या तिच्या भावंडांनी पुरेसा मार खाल्लेला आहे. ‘एशिया’ 1827 मध्ये नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनची ध्वजनौका होती आणि विसाव्या शतकापर्यंत टिकली. ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 चा नानकिंगचा तह झाला, ती 1813 ची नौका 1957 मध्ये मोडली. ‘वेलस्ली’ तर दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, जर्मन बाँबमुळे थेम्समध्ये बुडाली. यातली एखादीच टिकली असती तर नशीब म्हणता आले असते. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानातले तेल त्यांना जपते आणि लाकूड सहसा कुजू देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे जहाज साम्राज्याचे. त्याचा अभिमान आपण का बाळगायचा? ‘न लढलेले जहाज’ म्हणताना तिने धाक घालण्याचे काम केले, हेही विसरता कामा नये. 1856 मध्ये व्हँकूव्हर बेटावर एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडणाऱ्या कौइचन या मूळनिवासी जमातीच्या माणसाला पकडायला गव्हर्नर डग्लस याच नौकेने शेकडो खलाशी आणि सैनिक घेऊन गेला. त्या माणसाला तिथेच फाशी दिली. लाकडाचा हिशेबही निर्मळ नाही. सागवान आरमाराला मिळावे म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने 1806 मध्ये मलबारच्या जंगलांवर खास अधिकारी नेमला आणि स्थानिकांचे हक्क आवळले. हे सारे मान्य करूनही कारागिराचे श्रेय मालकाच्या पापात बुडवणे मला पटत नाही. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आले, तेव्हापासून मुंबईत वाडियांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या वाढत होती. अन् रंधा-वाकस चालवणारे बहुतेक सुतार तर निनावीच राहिले.

पुढे ‘त्रिंकोमाली’ पोरांना दर्यावर्दीपण शिकवणारे जहाज झाली. 1897 मध्ये भंगारवाल्याकडे गेली असता जॉर्ज व्हीटली कॉब यांनी ती विकत घेतली, ‘फूद्रॉयां’ असे नाव दिले आणि 1986 पर्यंत तिच्यावर तरुणांचे प्रशिक्षण चालले. 1987 मध्ये हार्टलपूलला सुरू झालेली दुरुस्ती 2001 मध्ये पुरी झाली. 1992 मध्ये जुने नाव परत मिळाले होते. आजही तिच्यातले निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईत बसवलेले मूळचेच आहे.