क्रेट घेण्याआधी टेप काढा
नाशिकच्या गंगापूर रोडवर फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांनो, क्रेट म्हणजे कुत्र्याचा पिंजरा जातीच्या नावावरून घेऊ नका. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजा. दोन्हींत ८-१० सेंटीमीटर मिळवा. शेपूट मोजायची नाही, इथेच घोळ होतो. आत त्याला मान न वाकवता उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता यायला हवं. नुसता अंदाज म्हणून: लॅब्रॅडोरला साधारण ४२ इंची, आपल्या गावठी कुत्र्याला बहुधा ३६ इंची लागतो. पिल्लासाठी मोठ्या मापाचाच घ्या, पण मधे सरकवता येणारी जाळी हवी. जागा जास्त झाली की ते एका कोपऱ्यात शू करतं आणि दुसऱ्यात झोपतं. आणि नाशिकचा एप्रिल-मे आठवा: चारी बाजूंनी जाळीचाच क्रेट बरा, बाल्कनीच्या उन्हात तर अजिबात ठेवू नका.